मोरव्याला उभं असलेलं विमान

मधुकरभाऊ, काल मार्कंड्याला तुमची शोकसभा झाली. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि कुणाच्याही बोलण्यावर मान हलवत नव्हते. लोकांना वाटलं, नसीमबाईंना दुःख आवरत नाही. मला राग आवरत नव्हता.

वैनगंगेच्या काठचं तेच शेत होतं, जिथं दर हिवाळ्यात आपला तळ पडायचा. राहायचे-झोपायचे ट्रेलर अर्धगोलात उभे केले होते. नागपूरचे दातांचे डॉक्टर त्यांची नवी कॅरव्हॅन घेऊन आले होते. वरोऱ्याचे जिनिंगवाले आले होते, कोळसा खाणीतले निवृत्त मॅनेजर आले होते. तुमचे पायलट मित्र नागपूरहून गाड्यांनी आले. त्यांच्यापैकी एकाच्या मनात होतं की तुम्हाला सलाम म्हणून नदीवरून एक विमान अगदी खालून उडवत न्यावं. परवानगी मिळाली नाही. त्यांनी मागितली तरी होती, भाऊ.

रशीदनं, माझ्या नवऱ्यानं, सकाळीच सांगितलं होतं, "तूही चार ओळी लिही. सगळ्यांचं छापणार आहेत." मी नाही म्हटलं. आयुष्यभर मुलांना मराठीचे निबंध लिहायला लावले, पण 'माझा आवडता पायलट' हा विषय मी कुणाला दिला नव्हता. आज मात्र लिहायला बसले आहे. हे छापायचं नाही. तुमच्यासाठी आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही, हे माहीत असूनच लिहिते आहे.

तुम्ही कुठं जन्मलात, कुठली विमानं चालवलीत, किती देश पाहिलेत, ते सगळं काल सांगून झालं. मला वेगळं आठवतं. रशीदच्या वर्कशॉपमध्ये, ट्रकच्या बॉड्या ठोकायच्या त्या आवाजात, तुम्ही दोघं जमिनीवर उकिडवे बसला होता आणि मध्ये अॅल्युमिनियमचा एक पत्रा होता. शाळेत एका बाकावर बसलेले दोन मित्र. एकाला सिंदेवाहीजवळच्या धानाच्या बांधीतून आभाळात जायचं होतं, तो गेला. दुसऱ्याला बापाच्या वर्कशॉपमधून बाहेर पडायचं होतं, तर त्यानं वर्कशॉपमध्येच चाकांवरचं घर बनवायला घेतलं.

"हे पाय, राजा," तुम्ही पत्र्यावर बोट फिरवत म्हणालात, "विमानाले वेल्डिंग नसते. रिवेट असतात. हादरे बसले की वेल्डिंग चिरते, रिवेट झेलून घेते."

"मंग माझ्या ट्रेलरलेबी रिवेटच मारतो," रशीद म्हणाला. "आल्लापल्लीच्या रस्त्याले हादरे काय कमी आहेत बे?"

आमच्या घरात आम्ही हिंदी बोलतो. तुम्ही आलात की रशीद तुमच्या झाडीबोलीत शिरायचा, आणि मग मला नवऱ्याचं एक जास्तीचं तोंड दिसायचं, शाळकरी, हसरं. त्यासाठी मी तुमचे आभार मानत होते तेव्हा. खोटं कशाला बोलू.

तो पहिला ट्रेलर तयार झाला, जीपच्या मागे जोडला, आणि आपण सिरोंच्यापर्यंत गेलो. तुम्ही सुट्टी काढून आला होता. कपाटांची दारं रस्त्यात उघडून डबे माझ्या अंगावर आले, तेव्हा तुम्ही पुढच्या वेळी विमानातल्या कपाटांना असतात तशा कड्या आणून बसवल्यात. मी वरून चिडले होते, पण आतून सुखावले होते. नंतर तुमची मंडळी वाढत गेली. ज्यांच्याकडे ट्रेलर होते त्यांना विमानं आवडायची आणि ज्यांच्याकडे विमानं होती, म्हणजे दुसऱ्यांची विमानं चालवायला होती, त्यांना ट्रेलर. शेकोटीभोवती बसून तुम्ही लोक पाण्याच्या टाकीचं वजन कुठं ठेवावं यावर इतकं बोलायचात, की बाजूच्या शेतातला माणूस येऊन विचारून गेला होता, पाण्याचं काही भांडण आहे का? जेटचं शौचालय आणि ट्रेलरचं शौचालय यांची तुलना जेवतानाच चालायची. चहा मात्र मी करायचा.

तुम्ही ज्या शेठचं विमान चालवायचात त्यांचं जेट नागपूरला असायचं. मोरव्याची धावपट्टी जेटला पुरत नाही, म्हणून इकडं काम असलं की तुम्ही त्यांना पंख्याच्या लहान विमानातून आणायचात. ते गाडीत बसून आपल्या कामाला जायचे आणि तुम्ही दिवसभर धावपट्टीवर विमानापाशी मोकळे. तेव्हा रशीदला फोन यायचा, "आलो आहो रे मोरव्याले. चहाले येतो."

त्या दिवशीही आला होता. मी चहाबरोबर द्यायला चिवडा काढत होते. डबा उजव्या हातात होता, तो खाली पडला. वाकून उचलायला गेले तर हात माझ्याबरोबर आला नाही. मग मीच खाली गेले.

ते सगळं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, भाऊ. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर रशीदला म्हणाला की मेंदूत रक्ताची गाठ आहे, ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्याला वेळेची मर्यादा असते, आणि इथं आज सोय नाही. नागपूरला न्या, जितक्या लवकर न्याल तितकं बरं. मला अँब्युलन्समध्ये चढवलं. नागपूरचा रस्ता मोरव्यावरून जातो. रशीदनं ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, विमानतळावर वळव." ड्रायव्हर म्हणाला, "तिथी काय आहे?" रशीद म्हणाला, "माझा दोस्त आहे."

तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही त्याच्या तोंडून. इतका खात्रीचा.

मागचं दार उघडलं आणि मला विमान दिसलं. पांढरं, पोटावर निळा पट्टा. त्याच्या पंखाच्या सावलीत तुम्ही खुर्ची टाकून बसला होता, हातात चहाचा कागदी कप. रशीद धावत तुमच्याकडे आला.

"मध्या, विमान काढ. नसीमले नागपूरले न्याचं आहे."

तुम्ही उठलात. माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहत होते हेही तुम्ही पाहिलंत.

"रशीद, असं नाई होत राजा. फ्लाइट प्लॅन द्या लागते. क्लिअरन्स घ्या लागते."

"मंग घे ना."

"स्ट्रेचर दरवाज्यातून जात नाई."

"मी उचलून बसवतो तिले. माझ्या मांडीवर घेतो."

"माझं विमान नाई रे हे. शेठचं आहे. तू वेळ नको घालवू, रोडनं निघ. मी फोन करतो नागपूरले, दवाखान्यात सांगून ठेवतो."

एवढं बोलून होईपर्यंत तुम्ही चहाचा कप खाली ठेवला नव्हता. तो तुमच्या हातात सरळ होता, त्यातला चहा हललासुद्धा नाही. पायलटचा हात. मी बोलायचा प्रयत्न केला. मला म्हणायचं होतं, 'चला.' माझ्या तोंडातून काय निघालं ते मला कळलं नाही, पण ते ऐकून रशीद रडायला लागला आणि ड्रायव्हरनं दार लावून घेतलं.

भद्रावतीपासून वरोऱ्यापर्यंत कोळशाचे ट्रक लागले होते. जामच्या चौकात आणखी गर्दी. तुम्ही फोन केला होता हे खरं, दवाखान्यात आमची वाट पाहत होते. पण इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. संध्याकाळी तुमचे शेठ परत आले आणि तुम्ही त्यांना नागपूरला आणलंत. त्या संध्याकाळी आपण दोघंही नागपुरातच होतो.

आता तुमची बाजूही मांडते, कारण रशीदनं ती मला इतक्यांदा ऐकवली आहे की पाठ झाली आहे. विमानाने नेलं असतं तरी फरक पडला असता याची खात्री काय? नागपूरच्या डॉक्टरनंही तसंच सांगितलं: सांगता येत नाही. तुमची नोकरी गेली असती. लायसन्स गेलं असतं. आणि परवानगी न घेता उडालेलं विमान म्हणजे काय ते मला समजत नाही. बरोबर असेल. मला समजत नाही. मला कप समजतो.

माझ्या उजव्या हाताबद्दल मी फारसं रडले नाही. हाताचं काम डावा शिकला. शब्द गेले ते मात्र... मी मराठीची बाई होते, भाऊ. घरात हिंदी, नमाज अरबीत, आणि पोट भरलं ते मराठीवर. शाळेत नव्यानं आले तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, शेख बाई मराठी शिकवणार? पुढं त्याच माणसाची मुलगी माझ्याकडे व्याकरण शिकायला घरी यायची. आणि आता मी मीठ मागायला जायची तर तोंडातून मंगळवार यायचा. लोक दयेनं हसायचे. माझी बहीण माझ्याशी ओरडून बोलायची, जणू मी बहिरी झाले. रशीद माझी वाक्यं पूर्ण करायचा, नेहमी चुकीची. मी बोलणंच सोडून दिलं.

मग एके रविवारी तुम्ही आलात. रशीदनं तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, असं मला वाटत होतं. तुम्ही वर्कशॉपमध्ये त्याच्याजवळ बराच वेळ बसलात आणि मग दोघं मिळून टेम्पोतून एक खुर्ची उतरवलीत. चामड्याची, बदामी रंगाची, पट्ट्याची. शेठच्या जेटमधल्या खुर्च्या बदलल्या होत्या, त्यातली जुनी एक तुम्ही मागून आणली होती. ती तुम्ही ट्रेलरमध्ये बोल्ट मारून बसवलीत, म्हणजे प्रवासात माझा तोल जाणार नाही. मला उचलून त्यात बसवलं, पट्टा लावला. रशीद केवढा खूश!

शेठच्या विमानात मला जागा नव्हती. शेठच्या विमानाच्या खुर्चीत मात्र मी तुमच्याबरोबर अख्खा जिल्हा फिरले. त्या दिवशी त्या चामड्यावर माझ्या नखांचे ओरखडे उठले, ते तुम्हाला कुणी दाखवले का कधी?

पण तुम्ही येत राहिलात. रविवारी नागपूरहून यायचं, ट्रेलरमध्ये माझ्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसायचं.

"बाई, विमानात कसं असते सांगतो. खालून टॉवरवाला एक गोष्ट सांगते. आपण ते जशीच्या तशी परत म्हणून दाखवाची. चुकलं तर तो पुन्हा सांगते. कोणी रागवत नाई, कोणी हसत नाई. तुम्ही टॉवर, मी पायलट. सांगा."

मी सांगायची. जे निघेल ते. तुम्ही तेच, त्याच चुकीसकट, गंभीरपणे परत म्हणायचात. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माझी मला दिसायची. मुलांच्या वह्या तपासायची सवय होती ना. एकदा मला म्हणायचं होतं, चहात साखर कमी आहे. मी म्हणाले, "चहात सासर कमी आहे."

तुम्ही पापणीही न हलवता म्हणालात, "चहात सासर कमी आहे. बरोबर?"

मी हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंड वाकडं करून, लाळ गाळत हसले, आणि रशीद वर्कशॉपमधून धावत आला की हिला काय झालं. तुम्ही दोघं माझ्याकडे बघत उभे होता. त्या दिवसापासून शब्द यायला लागले. सगळे आले नाहीत. पण आज हे लिहिते आहे, डाव्या हातानं, अक्षर पहिलीतल्या पोराचं आहे, वाक्यं माझी आहेत. ती मला तुम्ही परत दिलीत. डॉक्टरांनी, दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी, गोळ्यांनी दिली असतील थोडी. जास्तीची तुम्ही दिलीत.

हेच मला सहन होत नाही, भाऊ. तुम्ही नुसतेच वाईट असता तर किती सोपं होतं. मी तुम्हाला मनातून काढून टाकलं असतं आणि माझा रविवार मोकळा झाला असता. तुम्ही दर वेळी माझ्यासाठी केळी आणायचात, नेमकी माझ्या आवडीची लहान, आणि मी ती खायची, आणि खाताना मला तो कप दिसायचा.

विचारायला मला वेळ लागला. आधी शब्द नव्हते, मग शब्द होते तर रशीद असायचा. गेल्या हिवाळ्यात, तिथंच मार्कंड्याला, तो गॅसचा सिलिंडर आणायला चामोर्शीला गेला. दुपार होती. नदीचं पाणी उतरलेलं, पलीकडच्या वाळूत बगळे. तुम्ही आमच्या ट्रेलरमध्ये स्टूलवर बसून कपाटाची एक कडी घट्ट करत होता.

मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी शेठ काय म्हणाले होते?"

"कोणत्या दिवशी, बाई?"

कोणत्या ते तुम्हाला माहीत होतं. स्क्रूड्रायव्हर थांबला होता. माझ्याजवळ गप्प बसायचा भरपूर सराव आहे.

"बाई," तुम्ही म्हणालात, "मी विचारलंच नाई त्याईले."

"काऊन?"

तुम्ही नदीकडे पाहिलंत.

"फोन माह्या खिशातच होता. मले वाटलं, विचारतो. मंग वाटलं, आजवर त्या माणसाले मी काहीच मांगितलं नाई. ना पगार वाढवा म्हटलं, ना सुट्टी. माह्या बापाले पाटलाच्या दारात उभं राहून बैलजोडी मांगताना पाह्यलं आहे मी. पायात चप्पल नाई, हात जोडलेले, अन् पाटील आतून जेवून राह्यला. मी ठरवलं होतं, कोणाच्या दारात असा उभा राह्यणार नाई. शेठ मले कॅप्टनसाहेब म्हणते, बाई. मांगितलं असतं तर मी कॅप्टन राह्यलो नसतो. मांगणारा झालो असतो."

"अन् ते फ्लाइट प्लॅन? क्लिअरन्स?"

"ते तं होतंच. पण ते नंतरचं."

"खुर्ची मागितली," मी म्हणाले.

"आं?"

"माझ्यासाठी शेठची खुर्ची मागितली."

तुम्ही मान खाली घातलीत. "ते भंगारात जाऊन राह्यली होती."

भाऊ, तोवर मी मनात तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती. मला वाटायचं, यानं विचारलं असेल आणि त्या बड्या माणसानं नाही म्हटलं असेल, आणि हा मालकाची अब्रू राखायला गप्प आहे. माझ्या रागातून मीच तुम्हाला दर रविवारी बाहेर यायला वाट काढून देत होते. ती वाट तुम्ही स्वतःच बंद केलीत. खरं बोललात म्हणून तुमचं कौतुक करू? काल एक जण म्हणाला, कॅप्टन फार स्वाभिमानी होते. होते. माझ्या जिवापेक्षा जास्त होते.

मी म्हणाले, "उतरा."

"बाई..."

"माझ्या घरातून खाली उतरा, भाऊ."

हे वाक्य न अडखळता आलं. एकही शब्द चुकला नाही. तुम्ही कडी पूर्ण घट्ट केलीत, हत्यारं गोळा केलीत आणि उतरलात. रशीद सिलिंडर घेऊन आला तोवर तुम्ही तुमचा ट्रेलर जोडून निघून गेला होता. मी सांगितलं, त्यांना काम निघालं. नंतर तुमचे फोन आले. मी फोन हातात धरून नाव पाहत बसायची, तो वाजून थांबायचा. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर अशा गोष्टींचं वाईट वाटतं. मी वाट पाहून राहिले आहे. अजून वाटलेलं नाही.

तुम्ही कसे गेलात तेही काल ऐकलं. नागपूरला सकाळी तुमच्या सोसायटीच्या आवारात ट्रेलर धुताना छातीत कळ आली. शेजाऱ्यांचा ड्रायव्हर मालकाची गाडी पुसत उभा होता. मालक घरात नव्हते. त्यानं तुम्हाला मालकाच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं, आणि मालकाला रस्त्यातून फोन करून सांगितलं. तुम्ही वाचला नाहीत. पण नेलं त्यानं. हे सांगताना सांगणाऱ्याचे डोळे भरून आले. मी माझा पदर नीट केला, एवढंच.

मग तुमचे शेठ बोलायला उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं होतं, अंगठ्या वगैरे असतील. साधा, थकलेला, वाकलेला माणूस. काठी होती हातात.

"मधुकरजी माझ्याकडं इतके वर्षं होते," ते म्हणाले. "कधी काही मांगितलं नाई. आजकाल अशी माणसं कुठी मिळतात?"

लोक माना हलवत होते. मी उठले. मी उठले की रशीद नेहमी उठतो, तो उठला, माझा कोपर धरायला लागला. मी त्याचा हात काढला. सगळे थांबले, आपल्या मंडळींना माझ्यासाठी थांबायची सवय आहे.

"शेठ," मी म्हणाले, "त्यांनी... कधी मागितलं असतं. विमान. एखाद्या... आजारी माणसासाठी. तर दिलं असतं?"

एकही क्षण गेला नाही हो. "अरे बाई, हे काय विचारणं झालं? एक काय, दोन विमानं दिली असती! माणसाच्या जिवापेक्षा मोठं काय आहे?"

कुणीतरी टाळी वाजवली, शोकसभा आहे हे विसरून. शेठ हात जोडून बसले. त्यांचे डोळे ओले होते, ते खोटं बोलत नव्हते. पण मी आयुष्यभर मुलांची उत्तरं ऐकली आहेत. प्रश्न पुरा व्हायच्या आत आलेलं उत्तर मी ओळखते. काल नदीकाठी, हार घातलेल्या फोटोसमोर, विमान द्यायला त्यांचं काय जात होतं? त्या दुपारी, काम अर्ध्यात असताना, फोन वाजला असता तर ते काय म्हणाले असते हे त्यांनाही माहीत नाही. ते कळायचा एकच रस्ता होता, आणि तो फोन तुम्ही खिशात ठेवलात. तुम्ही माझंच नाही, त्या म्हाताऱ्याचंही नुकसान केलंत. कदाचित तो हो म्हणाला असता. एक चांगलं काम त्याच्या नावावर लागलं असतं.

मी बसले. शेजारी रशीद बसला नव्हता. तो मान खाली घालून उभा होता आणि जमिनीतलं गवत बुटानं उकरत होता. त्याचा चेहरा मला विचित्र वाटला. माझा प्रश्न ऐकून त्याला नवल वाटायला हवं होतं. नसीम हे काय विचारते, असं त्यानं माझ्याकडे पाहायला हवं होतं. त्यानं पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही मूलच्या रस्त्याला लागलो. पुढं जंगल सुरू झालं तशी त्यानं जीप बाजूला घेतली. ट्रेलरची जोडणी बघून येतो म्हणाला. गेला, आला, बसला, पण गाडी सुरू केली नाही.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

घरात आम्ही हिंदी बोलतो, भाऊ. हे वाक्य तो माझ्याशी तुमच्या भाषेत बोलला.

"काय?"

"मध्यानं शेठले विचारलं नव्हतं ते. त्यानं मले दवाखान्यातच सांगितलं होतं. तू आत होती. तो पायऱ्यांवर बसून रडून राह्यला होता."

मी शब्द गोळा केले. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तू तेव्हा बोलत नव्हती."

"अन् नंतर?"

"नंतर तू हसाले लागली त्याच्यासंगं." तो स्टेअरिंगवर अंगठा घासत होता. "अन् माह्याजवळ दुसरं होतं कोण? एकच दोस्त होता मले. त्यालेबी हाकलला असता तं मी तुह्या उशाशी बसून एकटाच येडा झालो असतो. तुले सांगितलं असतं तर तू त्याले घरात घेतलं नसतं. मंग तू बोलली नसती, अन् मीबी नसतो बोललो."

एक ट्रक गेला, सगळी जीप हलली. मी इतकी वर्षं समजत होते की रशीदनं तुम्हाला माफ केलं कारण त्याला पूर्ण माहीत नाही. त्याला माझ्याआधी माहीत होतं. रविवारी तुम्ही माझ्यासमोर स्टूलवर बसायचात आणि तो दारात उभा राहून हसायचा, तेव्हा त्या ट्रेलरमध्ये तिघांपैकी फक्त मला माहीत नव्हतं. टॉवरला कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानं जीप सुरू केली. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण शब्द एकदम खूप आले आणि सगळेच चुकीचे निघतील असं वाटलं, म्हणून मिटलं.

आता सकाळ आहे, भाऊ. तुमच्यावर लिहायचं होतं त्यातलं बरंच राहिलं. सिरोंच्याला तुम्ही माझ्या पुरणपोळ्यांना हसला होता त्यावर मला अजून उत्तर द्यायचं आहे. तुम्ही केळी कुठून आणायचात ते विचारायचं राहिलं. तुमच्याशी माझं मिटलेलं नाही. तुम्ही आत्ता दारात उभे राहिलात तर मी पुन्हा तेच म्हणेन. पण तुम्ही नाही. तुमच्यावर कितीही रागावले तरी तुमचं काही बिघडत नाही, तुम्ही सुटलात.

रशीद मात्र आहे. अंगणात ट्रेलरमधली भांडी उतरवून राहिला आहे, एकेक करून, मुद्दाम सावकाश. त्याला कळलं आहे की मी इकडं बसून वाक्यं जुळवते आहे, आणि तो पळून गेलेला नाही. मला बोलायला वेळ लागेल. त्याला ऐकावं लागेल, आणि या वेळी माझं एकही वाक्य त्यानं पुरं करायचं नाही.

इथंच थांबते. त्याच्याकडे जाते.